ऑडियन्स की व्ह्यूअर?

टीव्हीबद्दल इंग्रजीत बोलताना आपण नागपूरकर हे दोन्ही शब्द सर्रास एकाच पिशवीत टाकतो. वसंतराव देशपांडे सभागृहात नाटकाला बसलेली अख्खी गर्दी म्हणजे ऑडियन्स. महाल भागातल्या घरी रिमोट अडवून बसलेली आजी म्हणजे व्ह्यूअर. ऑडियन्स समूहवाचक. ‘मेनी ऑडियन्सेस’ म्हटलं की पुष्कळ माणसं नाही, पुष्कळ वेगवेगळे प्रेक्षकवर्ग होतात. बहुतेकांची गाडी इथंच घसरते. गंमत म्हणजे या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘ऐकणे’ या क्रियापदात आहे. मग स्वयंपाकघरातून मालिकेचे नुसते संवाद ऐकणारी माझी आई कोण? एकटी असली तरी मी तिला ऑडियन्सच म्हणेन! व्ह्यूअरचं काम सोपं: एक, दोन, दहा, बिनधास्त मोजा.