लाइव्ह-बिल्ड : उद्यमनगरातल्या पीसींसाठी स्वतःची डेबियन इमेज, आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये मशीनशेजारी ठेवलेल्या पीसीचं काम ठरलेलं असतं. ड्रॉइंग उघडायचं, प्रोग्राम सिरीयल केबलने मशीनला पाठवायचा, जॉबकार्ड भरायचं. तो रीतसर शटडाउन कुणी करत नाही. एक तर लाइट जाते, नाहीतर पाळी संपली की कुणीतरी मेन स्विच ओढतं. असे नऊ पीसी आठ महिने एकाच डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) इमेजवर, म्हणजे तयार सिस्टिमच्या एकाच प्रतीवर, पेनड्राइव्हवरून चालले. इमेज बांधली ती लाइव्ह-बिल्डने, म्हणजे अशा इमेज बांधणाऱ्या डेबियनच्याच टूलने. मूळ सिस्टिम स्क्वॉशएफएस फाइलमध्ये, म्हणजे फक्त वाचता येणारी. त्यामुळे लाइट गेली तरी सिस्टिमचं काही बिघडत नाही, पुन्हा चालू केलं की डेस्कटॉप होता तसा हजर.

एक पीसी हाताने सेट करून त्याचा क्लोन काढायचा, ही नेहमीची पद्धत. पण त्या पीसीवर नेमकं काय काय केलं होतं हे तीन महिन्यांनी करणाऱ्यालाही आठवत नाही. इथे अख्खी इमेज म्हणजे साध्या टेक्स्ट फायलींचा एक फोल्डर. ‘एलबी कॉन्फिग’ ही कमांड दिली की सांगाडा तयार होतो, त्यात पॅकेजच्या याद्या, आपल्या फायली आणि हुक (बिल्डदरम्यान चालणाऱ्या स्क्रिप्ट) टाकायचे आणि रूट (अ‍ॅडमिन) म्हणून ‘एलबी बिल्ड’ द्यायचं. शेवटी एक हायब्रिड आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर थेट लिहिता येणारी फाइल, हातात पडतो. पहिल्यांदा सगळी पॅकेजं उतरवायला तासभर जातो, पुढच्या वेळी कॅशमुळे निम्म्याहून कमी. दहा-पंधरा जीबी जागा मोकळी ठेवा.

सुरुवातच चुकीच्या जागी होऊ शकते. उबुंटूच्या भांडारात लाइव्ह-बिल्डची फार जुनी, 3.0 च्या काळातली आवृत्ती आहे. तिच्यावर आजची डेबियन इमेज बांधायला जाऊ नका. डेबियनचाच होस्ट घ्या, व्हर्च्युअल मशीनमध्ये असला तरी चालतो. बिल्डचा फोल्डर एनटीएफएसवर किंवा ‘नोडेव्ह’, ‘नोएक्झेक’ लावून माउंट केलेल्या डिस्कवर असेल, तर मूळ सिस्टिम उभी करणारा डीबूटस्ट्रॅप पहिल्याच पायरीला हात वर करतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जुन्या अवशेषांनी. यादीत एक पॅकेज वाढवलं, पुन्हा ‘एलबी बिल्ड’ दिलं, तर काहीच बदलत नाही. कारण पूर्ण झालेल्या प्रत्येक टप्प्याची खूण ‘डॉट बिल्ड’ फोल्डरमध्ये राहते आणि टूल तो टप्पा सरळ ओलांडतं. आधी ‘एलबी क्लीन’ द्यायचं. नुसत्या क्लीनने कॅश राहते, ‘पर्ज’ जोडलं की तीही जाते आणि सगळं पुन्हा नेटवरून उतरतं. बिल्ड मध्येच कंट्रोल-सीने थांबवली असेल तर क्लीनआधी माउंटची यादी बघा. सीएचरूटच्या (नवी सिस्टिम ज्यात उभी राहते त्या फोल्डरच्या) आतलं प्रॉक, सिस, डेव्ह अजून लटकलेलं असू शकतं. ते अनमाउंट न करता फोल्डर हाताने उडवायचा उद्योग तर मुळीच नको.

पॅकेजच्या यादीचं नाव ‘डॉट लिस्ट डॉट सीएचरूट’ने संपलं पाहिजे. नुसतं ‘डॉट लिस्ट’ ठेवलं तरी बिल्ड बिनबोभाट पूर्ण होते, पण यादी सिस्टिम उभी करणं आणि आयएसओ बनवणं अशा दोन्ही टप्प्यांना लागू होते आणि त्याच पॅकेजच्या डेब फायली आयएसओवरही वेगळ्या जाऊन बसतात. इमेज अचानक फुगली तर पहिल्यांदा हे नाव तपासा.

आकार कमी करायला ‘एपीटी-रेकमेंड्स’ फॉल्स करण्याचा, म्हणजे शिफारस म्हणून सोबत येणारी पॅकेजं टाळण्याचा, सल्ला सगळे देतात. तो बरोबर आहे, पण त्यासोबत ‘यूजर-सेटअप’ आणि ‘सुडो’ ही दोन पॅकेजं गळतात आणि मग बूटच्या वेळी लाइव्ह यूजर तयारच होत नाही. समोर लॉगिनचा पडदा येतो आणि आत जाणार कोण, तर कुणीच नाही! दोन्ही नावं यादीत स्वतः लिहा. आमच्या यादीत याशिवाय एक्सएफसीई, लिब्रेकॅड, लिब्रेऑफिस कॅल्क आणि त्याची मराठी भाषा, लोहित देवनागरी फॉन्ट, मराठी टायपिंगसाठी आयबस-एम17एन एवढंच आहे. इनस्क्रिप्ट येत नसलेल्यांना याच आयबसमध्ये उच्चारानुसार टाइप करायचं गमभनही मिळतं, जॉबकार्डावर ‘बोअरिंग’, ‘फेसिंग’ लिहायला तेवढं पुष्कळ.

बूटच्या ओळीत मात्र जपून. मराठी लोकेल आणि भारतीय वेळ द्यायला ‘बूटअपेंड-लाइव्ह’ वापरतात. आपण दिलेली ओळ मूळ ओळीत भर घालत नाही, तिची जागाच घेते. म्हणून ‘बूट=लाइव्ह कॉम्पोनंट्स’ हे दोन शब्द आधी लिहायचे, मग लोकेल, मग टाइमझोन. ते दोन शब्द राहून गेले तर पीसी काळ्या पडद्यावर इनिटरामएफएसच्या (बूटच्या सुरुवातीच्या टप्प्याच्या) प्रॉम्प्टला येऊन थांबतो आणि माणूस निष्कारण पेनड्राइव्हला दोष देत बसतो. सिरीयल केबलवाल्यांसाठी आणखी एक: लाइव्ह यूजरच्या ठरलेल्या गटांत ‘डायलआउट’ नसतो, त्यामुळे यूएसबी-सिरीयल दिसतं पण उघडत नाही, परवानगी नाकारली म्हणतं. गटांची यादी याच ओळीत देता येते. तीही पूर्ण द्यावी लागते, नुसता डायलआउट दिला तर ऑडिओ-व्हिडिओचे गट जातात.

आपल्या फायली ‘इन्क्लूड्स डॉट सीएचरूट’मध्ये ठेवायच्या. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट ‘ईटीसी/स्केल’मध्ये टाका, थेट होम फोल्डरमध्ये नको, कारण यूजर बूटच्या वेळी जन्माला येतो आणि त्याचं होम याच फोल्डरवरून भरतं. फायलींच्या परवानग्या आहेत तशाच इमेजमध्ये जातात. म्हणून हा फोल्डर फॅट पेनड्राइव्हवरून इकडून तिकडे नेऊ नका, तिथे परवानग्या आणि सिमलिंक दोन्ही मरतात. गिटमध्ये ठेवा. हुक लिहिताना पहिल्या ओळीनंतर ‘सेट डॅश ई’ हवंच. नाहीतर मधली कमांड फसते, शेवटची चालते, आणि बिल्ड यशस्वी म्हणून पुढे जाते.

वायफायसाठी ‘आर्काइव्ह-एरियाज’मध्ये मेनसोबत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ स्पष्ट लिहा. 2023 मध्ये डेबियन 12 पासून फर्मवेअरचा हा वेगळा कप्पा झाला आहे. नेटवरचे जुने धडे अजून नुसतं ‘नॉन-फ्री’ सांगतात. वारंवार बिल्ड करणार असाल तर उतरवलेली पॅकेजं आपल्याच मशीनवर साठवणारं एपीटी-कॅशर-एनजी बसवा. फक्त बिल्डचा मिरर (पॅकेजं जिथून उतरतात तो पत्ता) आणि इमेजमधला मिरर वेगळे द्यायचे, नाहीतर तयार इमेजची सोर्सेस लिस्ट तुमच्या लॅपटॉपकडेच बोट दाखवत राहते.

कॉम्प्रेशनबद्दल आमचं मत पक्कं झालं आहे. एक्सझेडने फाइल लहान होते, पण दोन कोअरच्या जुन्या पीसीवर प्रत्येक प्रोग्राम उघडताना ते जाणवतं. झेडएसटीडीने आयएसओ थोडा वाढतो आणि लिब्रेऑफिस पटकन समोर येतं. हे पेनड्राइव्ह पोस्टाने पाठवायचे नाहीत, तेव्हा आकारासाठी वेग घालवण्यात अर्थ नाही.

पर्सिस्टन्स, म्हणजे केलेले बदल पेनड्राइव्हवरच जपणं, सुरुवातीला दिलं होतं: उरलेल्या जागेत ईएक्सटी4 पार्टिशन, ‘पर्सिस्टन्स’ हेच लेबल, आत कॉन्फ फाइल, बूटच्या ओळीत तोच शब्द. चाललं, पण स्वस्त पेनड्राइव्हवर दिवसभर लिहिणं सुरू झालं आणि हँग होणं वाढलं. आता ते काढून ड्रॉइंग नेटवर्कच्या शेअरवर ठेवलं आहे. याची किंमत अशी, की सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि त्याची मर्यादा मुळात रॅमच्या निम्मी. 2 जीबीच्या पीसीवर ब्राउझर आठवडाभर उघडा राहिला की जागा संपते. तिथे रोज सकाळी एकदा रीबूट.

पेनड्राइव्हवर लिहिण्याआधी इमेज क्यूइमू या व्हर्च्युअल मशीनमध्ये बायोस आणि यूईएफआय (पीसी सुरू होण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती) अशी दोनदा चालवून बघा. डीडी ही लिहिण्याची कमांड देताना पार्टिशन नको, अख्खी डिस्क द्या, आणि त्याआधी डिस्कची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’चा आकाराचा रकाना दोनदा वाचा.

डेबियन 13 वर जाणं सोपं निघालं, डिस्ट्रिब्यूशनचं नाव बदलून दोन पॅकेजं दुरुस्त करावी लागली. अडले ते दोन 32 बिट पीसी. 13 मध्ये आय386 साठी, म्हणजे 32 बिटसाठी, कर्नलच नाही. त्यांचा फोल्डर वेगळा केला आहे, आर्किटेक्चर आय386, डिस्ट्रिब्यूशन बुकवर्म (म्हणजे डेबियन 12), आणि त्यांच्या पेनड्राइव्हला लाल टेप.