स्फटिक-रचनांचा संच: हिऱ्यासाठी उत्तम, मिठासाठी जपून

अकरावीला रासायनिक बंध आणि बारावीला घन अवस्था शिकवताना फळ्यावर काढलेला घन कितीही नेटका असला, तरी त्याच्या आत आणि मागे बसलेले आयन (प्रभार असलेले अणू) विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत. म्हणून गेल्या जूनमध्ये नागपूरच्या सीताबर्डीवरील प्रयोगशाळा साहित्याच्या एका दुकानातून मीठ, हिरा आणि ग्रॅफाइट यांच्या रचना जोडता येतील असा गोळ्या-काड्यांचा संच मी १,८५० रुपयांना विकत घेतला. पूर्ण एक शैक्षणिक वर्ष वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

संचातील सर्वांत जमलेली रचना हिऱ्याची आहे. कार्बनच्या प्रत्येक काळ्या गोळ्याला १०९.५ अंशांच्या कोनांत चार छिद्रे आहेत आणि ती इतकी अचूक आहेत की सहा गोळ्यांचे कडे जोडत गेल्यावर ते सपाट न राहता आपोआप वरखाली मुडपते. इथे काडी म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी, आणि त्या बंधाची लांबी १५४ पिकोमीटर, असे सरळ सांगता येते. जोडलेली रचना कोणत्याही बाजूने दाबली तरी ती दबत नाही, कारण दबण्यासाठी एखादी काडी तुटावी लागते. हिरा कठीण का, याचे उत्तर विद्यार्थी स्वतःच्या तळहाताने शोधतात.

ग्रॅफाइटच्या बाबतीतही मोजमाप विचारपूर्वक केलेले आहे. थरातील दोन कार्बन अणूंमधले अंतर १४२ पिकोमीटर आणि दोन थरांमधले ३३५ पिकोमीटर असते. संचातील आखूड आणि लांब काड्यांनी धरलेली अंतरे मी पट्टीने मोजली, ती ३ आणि ७ सेंटिमीटर भरली, म्हणजे प्रमाण जवळजवळ बरोबर आहे. मात्र दोन्ही काड्या एकाच करड्या रंगाच्या असल्यामुळे थरांमधले दुर्बल आकर्षण हाही बंधच आहे असे वाटू लागते. लांब काड्यांवर लाल कागद गुंडाळला आणि ही अडचण मिटली.

खरी काळजी मिठाच्या रचनेत घ्यावी लागते. तिच्यात २७ गोळे आणि ५४ काड्या आहेत. क्लोराइडचे गोळे १४ आणि सोडियमचे १३, तेव्हा पहिल्याच तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मग NaCl या सूत्रात दोघांचे प्रमाण सारखे कसे?” या एका प्रश्नासाठी मी संचाची सगळी किंमत वसूल झाली असे समजते. कोपऱ्यावरचा आयन आठ कोष्ठिकांत (रचनेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान घनांत), पृष्ठावरचा दोनांत आणि कडेवरचा चारांत वाटला जातो, हे तिने गोळ्यांवर बोट ठेवून मोजले: आठ अष्टमांश आणि सहा अर्धे मिळून क्लोराइडचे चार, तर बारा चतुर्थांश आणि मधला एक मिळून सोडियमचेही चार. पुस्तकात हेच गणित अनेक जण पाठ करतात.

परंतु सोडियमच्या मधल्या गोळ्यातून सहा काड्या निघालेल्या पाहून निम्म्या वर्गाने सोडियमला सहा सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेणारे बंध, असतात असे वहीत लिहिले. दोष त्यांचा नाही. हिऱ्यात काडीचा जो अर्थ त्यांना सांगितला होता, तोच त्यांनी इथे लावला. मिठातील काडी केवळ शेजारी दाखवते. तिथे वाटून घेतलेली जोडी नसून चारही दिशांनी, खालून आणि वरून असणारे विरुद्ध प्रभारांचे आकर्षण आहे. भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाची रचना उलगडली, तेव्हा मिठात सुटा रेणूच नाही ही गोष्ट मुरलेल्या रसायनशास्त्रज्ञांनाही जड गेली होती, आणि रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी तर १९२७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात तिला जाहीर विरोध केला होता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा गोंधळ समजून घ्यायला एवढे पुरेसे आहे.

यावर मी इतवारीतून सैंधवाचा एक निवडक, पारदर्शक खडा आणला आणि त्यावर पाते ठेवून हलका घाव घातला. तो सपाट पृष्ठांनी फुटला. थर किंचित सरकला की समान प्रभार समोरासमोर येतात आणि एकमेकांना दूर लोटतात. काड्यांनी आवळलेली प्रतिकृती हे कधीच दाखवू शकत नाही. सगळे गोळे एकाच आकाराचे आहेत, हीदेखील मोठी उणीव आहे, कारण सोडियम आयनाची त्रिज्या १०२ आणि क्लोराइडची १८१ पिकोमीटर असते.

गोळे एकमेकांना टेकून कसे रचले जातात, हे शिकवायला हा संच मुळीच उपयोगाचा नाही. त्यासाठी आपल्या नागपुरात संत्र्यांची हातगाडी अधिक चांगली. चौकोनी तळावर रचलेल्या ढिगात आतल्या संत्र्याला त्याच्या थरातली चार, खालची चार आणि वरची चार अशी बारा संत्री टेकतात. ही पृष्ठकेंद्रित घनीय रचनाच (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर गोळा असलेली) असून तिच्यात ७४ टक्के जागा भरलेली असते.

टिकाऊपणाबद्दल थोडे सांगते. मे महिन्यात लोखंडी कपाटात ठेवलेल्या संचाच्या प्लास्टिकच्या काड्या ढिल्या पडल्या आणि त्यांतल्या नऊ बदलाव्या लागल्या. सोबतची पुस्तिका इंग्रजीत आहे, आणि काडीच्या बदलत्या अर्थाविषयी तिच्यात एक ओळही नाही. सिझियम क्लोराइडसाठी लागणारे आठ छिद्रांचे गोळे डब्यात नसतात, ते दुकानात सुटे मिळतात. घेताना ते आणि वीस-पंचवीस जादा काड्या आठवणीने मागून घ्याव्यात.