लिजाडू सिस्टर्सची ‘होरायझन अनलिमिटेड’: दोन बहिणींची एलपी (मोठी रेकॉर्ड)

रेकॉर्ड आली तेव्हा खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. कुरियरवाला बेल न वाजवताच दारात टेकवून निघून गेला होता. कव्हरला सुरकुती पडलीय, पण तबकडी शाबूत. ब्रशने धूळ काढली, सुई ठेवली आणि ‘ओरेरे एलेजिग्बो’ सुरू झालं. गेले तीन आठवडे आमच्याकडे संध्याकाळी हीच वाजतेय.

मी आणि ताई जुळ्या. मी अकरा मिनिटांनी धाकटी, म्हणून तिला ताई म्हणायचं हा घरचा नियम. शाळेत समूहगीताला बाई आम्हाला मुद्दाम दोन टोकांना उभ्या करायच्या. शेजारी उभ्या राहिलो की आमचे आवाज एक होऊन बाकीच्या मुलींच्या वर यायचे. तो एक झालेला आवाज मला इतक्या वर्षांनी या रेकॉर्डवर पुन्हा ऐकू आला.

ताइवो आणि केहिंदे लिजाडू, नायजेरियातल्या जुळ्या गायिका. तिथल्या योरुबा समाजात, घरात जुळं झालं की आधी आलेल्याचं नाव ताइवो, मागून आलेल्याचं केहिंदे, मग मुलगा असो की मुलगी. आणि मोठं मानतात ते मागून आलेल्याला! जग कसं आहे ते बघून ये, असं सांगून त्यानेच दुसऱ्याला पुढे धाडलेलं असतं. हे मी ताईला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “म्हणजे तूच पाठवलंस होय गं मला?”

या दोघी 1948 मध्ये नायजेरियातल्या जॉस इथे जन्मल्या, वाढल्या इबादानमध्ये. आफ्रोबीट संगीत घडवणारा नायजेरियन गायक फेला कुटी याच्या नात्यातल्या. त्या काळात तिथल्या बँडमध्ये बाईची जागा बहुतेक वेळा मागे, कोरसला. लिजाडू बहिणी स्वतः गाणी लिहायच्या, चाली बांधायच्या आणि पुढे उभ्या राहून गायच्या. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकच्या वेळी त्या इंग्लिश ड्रमवादक जिंजर बेकरच्या ‘सॉल्ट’ बँडबरोबर गायल्या. पुढे 1976 ते 1979 या चार वर्षांत डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या आफ्रोडिझिया लेबलवर चार एलपी आल्या: ‘डेंजर’, ‘मदर आफ्रिका’, ‘सनशाइन’ आणि ही चौथी. सोबत होता बिडी राइट, अनेक वाद्यं वाजवणारा माणूस. त्याचं नाव इथे घ्यायलाच हवं, कारण या आवाजांना इतकी मोकळी जागा ठेवणारं वादन सोपं नाही.

आता गाण्याबद्दल. बराच वेळ दोघी एकाच सुरात चालतात, मग मध्येच एक जण किंचित वर सरकते आणि लगेच परत येते. कोण सरकलं ते कळत नाही. मी हेडफोन लावून, डोळे मिटून प्रयत्न केला, तरी नाही. खाली तो बोलका ढोल. काखेत धरायचा, बाजूच्या दोऱ्या दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. योरुबा भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, त्यामुळे हा ढोल खरोखरच वाक्य बोलू शकतो. मला योरुबा येत नाही, तरी दोघी गाताहेत आणि तिसरं कुणीतरी त्यांना उत्तर देतंय, हे जाणवत राहतं. त्यातच सिंथेसायझर. ऐकण्याआधी मला वाटलं होतं हा विजोड होईल, पण इतका मुरलेला आहे की काढून टाकलात तर गाणं उघडं पडेल.

इंग्रजीतलं ‘कम ऑन होम’ मला फार आवडतं. शीर्षकगीत त्यामानाने मनात कमी राहिलं. फेलाच्या लांबलचक गाण्यांची सवय असलेल्यांना ही सहा गाणी चटकन संपल्यासारखी वाटतील. मलाही वाटली, म्हणून बाजू पुन्हा पहिल्यापासून लावते.

ही प्रत शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या रेकॉर्ड कंपनीने 2024 मध्ये नव्याने काढलेली. कस्टम धरून मला साधारण 3,800 रुपये पडले. मूळ 1979 ची प्रत माझ्या आवाक्यातली नव्हती. बास गोल आणि भरदार आहे, आवाज अगदी समोर. आधी मोबाइलवर ऐकलं होतं, तेव्हा ढोलाची निम्मी कुजबुज कानावर आलीच नव्हती. घ्यावी का? घ्या. घरात बहीण असेल तर नक्कीच घ्या.

1980 च्या दशकात दोघी ब्रुकलिनला गेल्या. 1996 मध्ये केहिंदे जिन्यावरून पडली, मणक्याला मोठी इजा झाली आणि गाणं थांबलं. नोव्हेंबर 2019 मध्ये ती गेली. नव्याने निघालेली ही रेकॉर्ड हातात घ्यायला ताइवो एकटीच होती. हे वाचलं त्या रात्री मी दुसरी बाजू लावलीच नाही.

ताई दिवाळीला नागपूरहून येतेय. तिला स्पीकरसमोर बसवून ‘ओरेरे एलेजिग्बो’ ऐकवायचंय. ताइवोचा आवाज कुठला, हे तिला ओळखता येतं का ते बघू.