600 × 400 मिमीचे प्लॅस्टिक क्रेट: नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांसाठी कसे?

मापाला पूर्ण गुण. 1200 × 1000 मिमीच्या पॅलेटवर एका थरात बरोबर पाच क्रेट बसतात, तीन उभे, दोन आडवे. इंचही वाया जात नाही.

उंची निवडतानाच बहुतेकांची फसगत होते. 320 मिमीचा क्रेट स्वस्तात जास्त माल घेतो असं वाटतं. पण त्यात टर्निंग केलेले (लेथवर कातलेले) स्टीलचे पार्ट निम्मे भरले तरी वजन सहज शंभर किलोच्या पुढे जातं. मग तळाला पोट येतं, खालच्या थराच्या कडा फाकतात आणि थप्पी कलते. जड पार्टसाठी 120 मिमीचाच घ्यावा. उंच क्रेट रिकाम्या बाटल्या, रबरी भाग, खोके यांच्यासाठी ठीक.

क्रेटचं प्लॅस्टिक एचडीपीई (कडक, चिवट प्रकारचं पॉलिथिन), शक्यतो कोरं असावं. भंगारातून पुन्हा वितळवलेल्या प्लॅस्टिकचा क्रेट बहुधा मळकट रंगाचा असतो, नाकाशी धरला की जळकट वास येतो आणि हँडलजवळ लवकर तडकतो. दर नगावर नको, वजन काट्यावर बघूनच ठरवावा. हलका क्रेट म्हणजे पातळ भिंत. शेडबाहेर ठेवायचा असेल तर यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हापासून वाचवणारं मिश्रण) आधीच मागून घ्यावं, नाहीतर ऊन खाऊन प्लॅस्टिक ठिसूळ होतं.

तेलकट पार्टला बंद तळाचाच हवा. जाळीचा क्रेट पिंपळगावच्या टोमॅटोला शोभतो. इथे तो फरशीवर तेलाचा सडा घालतो.