आठ दिवसांत गुण आला, तिथेच आम्ही फसलो

आई ६८ वर्षांची. चार-पाच वर्षं गुडघे दुखतात आणि बाबा गेल्यापासून तिचं मन कशात लागत नव्हतं. जाहिरात तिनेच पाहिली. शल्लकी, निर्गुंडी, अश्वगंधा, ब्राह्मी यांची पावडर. सांधे मोकळे, मन प्रसन्न, शंभर टक्के नैसर्गिक. फोनवरचा मुलगा तिला 'मावशी' म्हणायचा, जेवलात का विचारायचा. तीन महिन्यांचा कोर्स ७,८०० रुपये. डब्यावर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक बघून मीच म्हणाले, घे.

आठव्या दिवशी आई कठडा न धरता जिना उतरली. भूक वाढली. रात्री जागून कपाटं आवरायची, गाणी गुणगुणायची. आई पुन्हा हसतेय या आनंदात मी शेजारच्या दोन काकूंनाही तो नंबर दिला. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

तिसऱ्या महिन्यात तिचा चेहरा गोल झाला, पाय सुजले, जरा लागलं तरी काळंनिळं पडायचं. कधी नव्हती ती साखर २८० निघाली. पावडर संपली आणि चार दिवसांत उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली. डॉक्टरांनी चेहरा बघताच विचारलं, "कुठली पावडर चालू होती?" सकाळी आठला घेतलेल्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, जवळजवळ नव्हतंच. बाहेरून, म्हणजे अशा पावडरीतून, स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं सोडून देतात. दुखणं थांबणं, भूक, जागरण, तो उत्साह, सगळं त्याचंच, असं ते म्हणाले. म्हणजे आईचं हसणंही डब्यातलंच होतं. ते ऐकून मला दवाखान्यातच रडू आलं.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये 'आर्ट्री किंग' या सांध्यांच्या 'नैसर्गिक' गोळ्यांबद्दल इशारा दिला होता. त्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडलं होतं, लेबलवर दोन्हींचं नाव नव्हतं. आणि तो १४ आकडी क्रमांक? तो खाद्यपदार्थांच्या व्यवसायाचा परवाना. आतला माल तपासल्याचा तो दाखला नव्हे. आमच्याच डब्यावर बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापलं होतं, आहारपूरकावर ते छापावंच लागतं. मी वाचलं नाही.

तुमच्या घरी अशी पावडर चालू असेल तर कृपा करून ती एकदम बंद करू नका. आईला त्यानेच जास्त त्रास झाला. डबा घेऊन डॉक्टरांकडे जा, साखर आणि कॉर्टिसॉल तपासा. उरलेला माल टाकू नका, तक्रारीला लागतो. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा क्रमांक १८००-२२२-३६५, ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी दोन्हीकडे तक्रार केली आहे.

आई आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडच्या गोळ्यांचा डोस हळूहळू कमी करतेय. गुडघे पुन्हा दुखतात. एका काकूंनी माझं ऐकलं, डॉक्टरांकडे गेल्या. दुसऱ्या म्हणतात, "मला तर छान गुण येतोय." काल जिन्यात भेटल्या, गाल भरलेले दिसले. आज संध्याकाळी परत जाणार आहे त्यांच्याकडे, आईचे रिपोर्ट घेऊन.