45 दिवसांत 750

मी दुकानांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. आकड्यांना घाबरणारी नाही. तरी साडेअकरा हजारांना बुडाले.

2020च्या लॉकडाउनमध्ये कामं थांबली आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी 62 हजारांवर गेली. पुढच्या वर्षी वसुलीवाल्यांच्या फोनला कंटाळून 35 हजारांत सेटलमेंट केलं, सुटलो म्हणून देवापुढे साखर ठेवली. अशा खात्यापुढे क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपण कर्जं-कार्डं कशी फेडली त्याच्या नोंदीत, ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ लागतं, हे तेव्हा कोण सांगणार? बँक त्याचा अर्थ एवढाच घेते, की या बाईनं पुरते पैसे दिले नाहीत. गेल्या वर्षी फ्लॅटसाठी कर्ज मागायला गेले तर सिबिल स्कोअर, म्हणजे त्या नोंदीवरून सिबिल कंपनी काढते तो पतीचा आकडा, 587. हा स्कोअर 300 ते 900 असतो आणि बँकांना साधारण 750 हवा असतो.

रामबागेतल्या गणपतीत ओळखीच्या काकांनी स्कोअर वाढवून देणाऱ्या एका तरुणाशी गाठ घालून दिली. “ताई, आपल्या माणसांकडून मी काय जास्त घेणार?” इंदूरात दिवसभर हिंदीत बोलून आल्यावर कुणी असं मराठीत ‘ताई’ म्हटलं, की आपण अर्धे तिथेच विरघळतो. विजयनगरला काचेच्या दाराचं ऑफिस, भिंतीवर ‘45 दिवसांत 750’. फी 11,500, सगळी आगाऊ, तीही त्याच्या बायकोच्या यूपीआयवर. पावती मागितली तर “देतो ना ताई”. (पावतीवाचून मी माझ्या गिऱ्हाइकांना किती बोलते!)

पॅन, आधार दिलं. मग ओटीपी. पोळ्या लाटता लाटता फोनवर सहा-सात वेळा ओटीपी सांगितला, मेसेज पुरता न वाचता. त्यातल्या काहींवर त्यानं माझ्या नावानं सिबिलकडे तक्रारी टाकल्या, की ही खाती माझी नाहीतच. पण सिबिल स्वतःहून काही खोडत नाही, बँकेला विचारतं. बँकेनं खातं खरं आहे म्हटलं, तक्रारी निकालात. उरलेल्या ओटीपींवर चार लोन ॲपमध्ये अर्ज. म्हणे, नवं कर्ज दिसलं की स्कोअर चढतो. कर्ज एकही मिळालं नाही, पण प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर चढली, आणि थोड्या दिवसांत अशा चौकश्या साचल्या की स्कोअर उतरतो.

चाळिसाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला: 741. मी पेढे घेऊनच बँकेत गेले. मॅनेजरबाईंनी रिपोर्ट काढला: 561. पेढ्यांचा पुडा पिशवीतच राहिला. त्यांनीच दाखवलं, खऱ्या रिपोर्टवर कंट्रोल नंबर असतो. माझ्या स्क्रीनशॉटवर तो नव्हताच. त्या दिवसापासून त्याचा फोन बंद, आणि काचेच्या दारावर आता दुसऱ्याच कुणाची पाटी. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, ठाण्यातही दिली. पैसे अजून आलेले नाहीत.

जे खरंच करायचं होतं त्याला एजंट लागत नव्हता. असे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. चौघांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. खरी चूक असेल तर तक्रारही फुकट, आणि 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दिवसाला 100 रुपये भरपाई. माझ्या रिपोर्टात तर चूक नव्हतीच, थकबाकी खरी होती. बँकेशी बोलून सेटलमेंटमध्ये सुटलेले 27 हजार हप्त्यांनी भरले, काही देणं उरलं नाही असं नो ड्यूज पत्र घेतलं आणि खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लागेपर्यंत पाठ सोडली नाही. वीस हजारांच्या एफडीवर एक कार्ड काढलंय. त्यावर फक्त विजेचं बिल, आणि तारखेआधी पूर्ण भरणा. आठ महिन्यांनी आज 648 आहे.

काकांना मी लाजेनं काहीच बोलले नव्हते. परवा कळलं, त्यांच्या भाच्यानंही तिथेच पैसे भरलेत, माझ्यानंतर. आज संध्याकाळी त्यांच्या घरी जायचंय.