मावम्लूह गुहा, चेरापुंजी: गाइड घेऊनच जा
चेरापुंजीला गेलात तर लाइट लावलेली मावस्माई गुहा बघून परत फिरू नका, मावम्लूह कराच!! आम्ही लोकल खासी गाइड घेतलेला, हेल्मेट हेडलॅम्प त्याचेच, माणूस एकदम भारी, पाय कुठे ठेवायचा डोकं कुठे वाकवायचं सगळं आधीच सांगायचा. आत पाणी, चिखलात बूट रुततात, मधेमधे रांगावं लागतं. चुनखडीच्या खांबांना हात लावू देत नाही, हे फार आवडलं, हाताचं तेल लागलं की त्यांची वाढ खुंटते ना. इथल्याच एका खांबावरून ४२०० वर्षांपूर्वीचा दुष्काळ कळला आणि २०१८ मध्ये तेव्हापासून आजपर्यंतच्या भूशास्त्रीय कालखंडाला मेघालयन नाव मिळालं. पावसाळ्यात मात्र अजिबात जाऊ नका, पाणी कधी चढेल नेम नाही.